तासगावचं बोर्बन

प्रबोध देवस्थळी लेबलं वाचायचा. व्यसन म्हणून नव्हे, पोटापाण्यासाठी. सिंगापुरात आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत तो लेबलं तपासणाऱ्या खात्याचा मॅनेजर होता. सलाइनच्या नळीच्या पाकिटावर एक स्वल्पविराम चुकला तर माल परत येतो, आणि मालाबरोबर कधीकधी माणसंही आपापल्या देशी परत जातात, अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या हातून आजवर एकही चुकीचं लेबल सुटलं नव्हतं. ही गोष्ट तो आपणहून कुणाला सांगत नसे. समोरच्यानं विचारलंच नाही तर मात्र त्याचा नाइलाज होई.

घरीही तेच. लोणच्याची बरणी आधी वाचायची, मग उघडायची. "लग्नात माझ्यावर लेबल नव्हतं म्हणून निभावलं," असं त्याची बायको सरोजिनी चारचौघांत म्हणे, आणि प्रबोध मनातल्या मनात त्या वाक्याचं प्रूफ तपासून गप्प बसे.

अशा माणसाला मेहुण्यानं एक लेबल तपासायला पाठवलं, यात वावगं काहीच नव्हतं. सगळी सुरुवात तिथून झाली.

मेहुणा म्हणजे सरोजिनीचा धाकटा भाऊ अभय. तासगावला राहायचा आणि धंदे करायचा. आधी बेदाण्याची शेड टाकली, ती वादळानं नेली. मग द्राक्षाची वाइन काढली, ती आंबली. आंबलेली वाइन व्हिनेगार म्हणून खपवायला गेला, तर ते व्हिनेगार म्हणण्याइतकंही आंबलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर हाय खाल्ली असती. अभयनं भागीदार बदलला, रीतसर परवाना असलेली एक डिस्टिलरी भाड्यानं घेतली आणि द्राक्षाऐवजी मका आणून ओतला.

"दाजी, एक्स्पोर्टचं मनावर घेतलंय," तो फोनवर म्हणाला. "व्हिस्की हाय. लेबल तेवढं नजरेखालनं घाला. तुमच्या हाताखालनं गेलं की कुणाची बिशाद नाही."

प्रबोध दारू पीत नसे. त्या विषयातलं त्याचं ज्ञान खोकल्याच्या औषधापाशी सुरू होऊन तिथंच संपायचं. पण लेबल ते लेबल. शनिवारची सकाळ त्यानं त्यात घालवली. काळ्यावर सोनेरी अक्षरं होती: 'तासगाव रॉयल बर्बन'. मधे अंडाकृती मोकळी जागा, तिच्यात 'फोटो येणार' असं लिहिलेलं. प्रबोधनं लाल पेन काढलं. मिलिलिटरचं 'एल' मोठं केलं. अल्कोहोलचा टक्का ठळक केला. इंग्रजी 'बर्बन'मध्ये एक 'ओ' राहिला होता, तो घालून स्पेलिंग शुद्ध केलं. आणि तळाशी समासात लिहिलं: 'आयात करणाऱ्याचं सिंगापूरमधलं नाव व पत्ता आवश्यक. भरावा.'

"तुम्ही म्हणजे देवमाणूस हाय दाजी," अभयचा निरोप आला. प्रबोधनं तो सरोजिनीला दाखवला. तिनं भावाचं काम झालं म्हणून दुपारी श्रीखंड केलं.

पुढच्या महिन्यात सरोजिनीचे आईवडील सिंगापूरला आले. बुओना व्हिस्टाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नानांनी पाऊल टाकलं आणि घराची शाळा झाली. नाना निवृत्त मुख्याध्यापक. तालुक्यात त्यांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं: एक शुद्धलेखन, दुसरी दारूबंदी. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं, तेव्हा 'आडव्या बाटली'च्या चिन्हासाठी दारोदार फिरणाऱ्या बायकांच्या पुढं छत्री घेऊन नाना चालत होते. बाटली आडवी झाली, दुकान उठलं. त्या दिवसापासून सरबताची बाटलीसुद्धा नाना उभी ठेवायचे नाहीत, असं लोक म्हणत. ती अतिशयोक्ती असावी.

पहिल्याच रात्री जेवताना नाना म्हणाले, "प्रबोधराव, अभयनं या खेपेला नाव काढलं हो. बिस्किटांत पडलाय."

प्रबोधचा घास हातात राहिला. त्यानं सरोजिनीकडं पाहिलं. सरोजिनीनं आमटीकडं पाहिलं.

"बोर्बन!" आई कौतुकानं म्हणाल्या. "चॉकलेटची, वरती साखर असलेली. मक्याची करतोय म्हणे. जाई, तुला आवडतात ना गं?"

"ओके लाह," म्हणाली जाई. प्रबोधची ही मुलगी आठवीत होती आणि 'ओके लाह'च्या पलीकडं आजीशी तिचं संभाषण क्वचितच जाई.

"एक्स्पोर्टच्या पाकिटावर माझा फोटो आहे," नाना म्हणाले, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "निरोप समारंभातला. फेट्यातला. अभय म्हणाला, जुन्या माणसाचा चेहरा असला की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. मी म्हटलं, ने."

त्या रात्री खोलीचं दार लावून प्रबोधनं विचारलं, "तुझ्या भावानं यांना काय सांगितलंय?"

"बोर्बन काढतोय एवढंच सांगितलं. बिस्किटं आईनं मनानं ठरवली."

"आणि त्यानं दुरुस्त केलं नाही?"

"तो खोटं बोललेला नाही हं," सरोजिनी भावाच्या बाजूनं उभी राहिली. "फक्त खरं सांगायची घाई केली नाही."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी शोध सुरू केला. लिटल इंडियातल्या प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात ते बिस्किटांच्या फळीपुढं उभे राहून विचारत, "तासगावचं बोर्बन आलं का?" दुकानदार नाही म्हणाला की "येईल, येईल" असा दिलासा नानाच त्याला देत. प्रबोध पाठीमागं पिशवी धरून उभा असे. माल इतक्यात येत नाही, आलाच तर कुठल्यातरी मोठ्या व्यापाऱ्याकडं जाईल आणि नाना तोवर तासगावला पोचलेले असतील, असा त्याचा हिशेब होता.

सोमवारी ऑफिसात फोन आला.

"मिस्टर देवा-स्टॉली? युअर गुड्स अराइव्ह ऑलरेडी. व्हेन यू कमिंग?"

माल उतरवून घेणाऱ्या एजंट कंपनीतून सेरीन नावाची बाई बोलत होती. प्रबोधनं चूक झाली असेल असं नम्रपणे सांगितलं. तिनं त्याहून नम्रपणे त्याचं पूर्ण नाव, इमारतीचं नाव, मजला आणि फ्लॅट नंबर वाचून दाखवला. देवस्थळी हे आडनाव सिंगापुरात दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता फार कमी होती.

दुपारची रजा टाकून तो तिथं पोचला. गोदामात खोक्यांनी रचलेलं एक अख्खं पॅलेट उभं होतं. सेरीननं खोक्यातली एक बाटली काढून त्याच्या हातात दिली. बाटली सुरेख होती. लेबल त्याहून सुरेख होतं. मिलिलिटरचं 'एल' मोठं होतं, टक्का ठळक होता, स्पेलिंग बिनचूक होतं. आणि तळाशी, त्यानंच लाल पेनानं दाखवलेल्या जागी, सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'सिंगापूरसाठी आयातदार व वितरक: प्रबोध देवस्थळी'.

प्रबोधनं ती ओळ पुन्हा वाचली. देवस्थळी घराण्यात कुणी कधी तपकीरसुद्धा ओढली नव्हती. पण घराण्याचं नंतर बघता आलं असतं. खरी भीती वेगळीच होती. तो एम्प्लॉयमेंट पासवर राहणारा माणूस. त्या पासवर नोकरी करायची, पगार घ्यायचा आणि गप्प बसायचं; बाजूला धंदा काढायचा नाही. पासाचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलेलं. आणि इथं पॅलेटभर बाटल्या त्याचं नाव घेऊन उभ्या.

त्याची नजर वर सरकली आणि दुसरा धक्का बसला. अंडाकृती चौकटीतून फेटा बांधलेले नाना रोखून बघत होते. खाली लिहिलं होतं: 'मास्टर डिस्टिलर, तिसरी पिढी'.

"युअर फादर, ईज इट? व्हेरी फिअर्स," सेरीन आदरानं म्हणाली. मग कागदावर बोट ठेवून तिनं विचारलं, "बट धिस सांगली, व्हिच पार्ट ऑफ अमेरिका?"

"अमेरिका नाही. इंडिया."

"देन हाऊ कॅन बी बोर्बन? बोर्बन मस्ट बी अमेरिकन, व्हॉट. धिस वन शुअर गेट क्वेश्चन."

प्रबोध हसला. लेबलाच्या बाबतीत कुणी त्याला शिकवू लागलं की तो असाच हसत असे. बोर्बन ही एक चव असते, जशी चॉकलेटची असते, असं तिला समजावून त्यानं बाटली पिशवीत घातली. मग एमआरटीच्या गाडीत बसून त्यानं मोबाइलवर अमेरिकेचा कायदा उघडला. बुओना व्हिस्टा आलं आणि गेलं, त्याला कळलं नाही. गाडी शेवटच्या स्टेशनात जाऊन रिकामी झाली तेव्हाही तो वाचतच होता. ज्या शब्दाचं स्पेलिंग त्यानं स्वतःच्या हातानं शुद्ध केलं होतं, तो शब्दच मुळात खोटा होता. एक 'ओ' दिसला आणि अख्खी अमेरिका नजरेतून सुटली.

बाटली दडवायची कुठं? सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक कोठी असते. युद्ध झालंच तर माणसांनी तिच्यात लपावं अशी सरकारची इच्छा. लोक तिच्यात जुन्या बॅगा आणि कांदे ठेवतात. प्रबोधनं बाटली तिथं बॅगांच्या मागं ठेवली, दार ओढून घेतलं आणि आतच उकिडवं बसून अभयला फोन लावला.

"मका किती घातलायस?"

"साठ टक्के. बाकी तांदळाची कणी."

"एक्कावन्न लागतो. हे पास."

"मग! मी काय म्हटलं होतं?"

"पिंप कसलं?"

"लाकडाचं."

"ओकचं लागतं. नवं कोरं आणि आतून जाळलेलं."

"जाळलंय की! चांगलं सरपण घालून जाळलंय. फक्त सागवानी हाय."

"म्हणजे ओक नाही."

"दाजी, सागवान केवढ्याला पडतं ठाऊक हाय का? मी त्यांना वरचा माल दिलाय."

"रंग कशानं आला?"

"काकवी. घरचीच."

"काही घालायची परवानगी नाही. पाण्याशिवाय काहीही नाही."

"काकवी काय विष हाय?" अभयचा आवाज दुखावला. "लहान पोरांना चारतो आपण."

"लेबलवर चार वर्षं मुरवलेली लिहिलंय. किती मुरवलीस?"

"आठ महिने. पण तासगावचा मे महिना तुम्ही बघितलाय दाजी. लग्नात तुम्हाला घोड्यावरनं उतरवून पाणी मारावं लागलं होतं. आपल्या एका उन्हाळ्यात त्यांची चार वर्षं आरामात बसतात."

प्रबोधनं डोळे मिटले. "हे सगळं सोड. ती अमेरिकेतच बनवावी लागते."



"अख्खी?"

"अख्खी."

"म्हणजे सगळं हाय, फक्त अमेरिका तेवढी नाही."

"सगळंही नाही, अभय!"

"दाजी, कोल्हापुरी चप्पल काय सगळी कोल्हापुरात शिवतात? कुंदा बेळगावच्या बाहेर करत नाहीत? मग आम्हीच काय घोडं मारलं?"

इथं प्रबोधची पंचाईत झाली. कारण मागच्याच उन्हाळ्यात भलत्याच आंब्याची पेटी 'हापूस' म्हणून विकणाऱ्या एका दुकानदाराशी तो भर रस्त्यात भांडला होता, आणि 'नाव म्हणजे काय तुमच्या बापाची जहागीर आहे?' या प्रश्नाला 'होय, आहे' असं बाणेदार उत्तर देऊन आला होता. बोर्बनच्या माहेरच्या, अमेरिकेत केंटकीतल्या कुठल्याशा अनोळखी शेतकऱ्याबद्दल त्याला एकदम बंधुभाव वाटू लागला.

"माझं नाव का घातलंस?" त्यानं शेवटी विचारलं.

"तुम्हीच लिहिलं होतं की, 'भरावा'. माझ्या ओळखीचं सिंगापुरात दुसरं हाय कोण?"

कोठीतून बाहेर आला तर दारात आई उभ्या. "बोर्बनवरून एवढा आरडाओरडा कसला?" त्या म्हणाल्या. "कमी पडली असतील तर दुसरी आणू. चहाबरोबर दोन-दोनच घ्या सगळ्यांनी."

संकटात माणूस शेजाऱ्याकडं जातो. नवव्या मजल्यावर निशिकांत राहायचा. बँकेत होता. जगातल्या प्रत्येक आपत्तीतून गेलेला एक तरी माणूस त्याच्या ओळखीत असे. बाटलीचा फोटो प्रबोधच्या मोबाइलवरून स्वतःच्या मोबाइलवर घेत तो म्हणाला, "नीट अभ्यास करावा लागेल. माझ्या ओळखीचा एक होता. शनिवार-रविवार मोदक विकायचा. पास गेला. मुलांची शाळा अर्धी, सोफा तसाच टाकून गेला बिचारा. सोफा आता आमच्याकडे आहे. तू बसलायस तोच."

प्रबोध उठून उभा राहिला.

"घाबरू नको. फक्त एक कर," निशिकांतनं बजावलं. "हे कुणालाही बोलू नकोस."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. निशिकांतनं फक्त बायकोला, मीनलला सांगितलं होतं. मीनलनं फक्त योगाच्या ग्रुपवर. आणि तिथून पुढं कुणी 'फक्त' सुद्धा म्हटलं नाही. प्रबोधचा फोन वाजत राहिला. 'अभिनंदन! मराठी माणूस धंद्यात उतरला पाहिजे!' 'देवस्थळी, वाढदिवसासाठी डझनभर मिळतील का? ओळखीचा भाव लावा.' एकानं नानांचा फोटो गोल कापून पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे काका कोण? डोळ्यांतच नशा आहे.' जन्मभर ज्यांच्या नजरेला नजर द्यायची वर्गाची छाती झाली नाही, त्या नानांबद्दल हे वाचताना प्रबोधला भर एसीत कानशिलं तापल्यासारखी वाटली.

सरोजिनी आतापर्यंत भावाच्या बाजूनं होती. तो निरोप वाचून तिनं फोन उलटा ठेवला. "पास गेला तर?" ती हळूच म्हणाली. "जाईची शाळा... तुझी इतक्या वर्षांची मेहनत. आणि हे सगळं माझ्या भावामुळं." ती रडली असती, पण बाहेर नाना बातम्या बघत होते, म्हणून तिनं नळ सोडून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती. प्रबोध शेजारी उभा राहून ती पुसत राहिला. "उद्या ऑफिसात जाऊन सांगून टाकतो," तो म्हणाला. "दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

कंपनीच्या मनुष्यबळ खात्याच्या प्रमुख मिसेस तान हसताना कुणी पाहिल्या नव्हत्या. प्रबोधनं रात्री घोकलेलं इंग्रजी निवेदन त्यांच्यासमोर म्हटलं. मका, सागवान, काकवी, अमेरिका, सासरे, काहीही लपवलं नाही. मिसेस तान शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"यू गेट एनी मनी?"

"नो."

"यू आस्क फॉर धिस बिझनेस?"

"नो."

"देन व्हाय यू डू?"

"ही ईज माय वाइफ्स ब्रदर."

मिसेस तान यांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर बघितलं. "माय हजबंड्स ब्रदर," त्या म्हणाल्या, "सेलिंग वॉटर फिल्टर. माय होल हाउस फुल ऑफ फिल्टर. टॉयलेट ऑल्सो गॉट." मग चष्मा पुन्हा चढवून त्यांनी निकाल दिला: माल परत पाठवा, नाव काढून टाका, काय घडलं ते मला लेखी द्या, आणि पुन्हा कुणाचं काही तपासून देऊ नका. प्रबोधला वाटलं, वाकून नमस्कार करावा. त्यानं तसं केलं नाही. दाराबाहेर आल्यावर मात्र त्यानं बंद दाराला हात जोडले.

घरी पोचेपर्यंत त्याला हलकं वाटू लागलं होतं. माल परतीच्या जहाजावर जाईल. नाना रविवारी तासगावला जातील. बाटली निशिकांतला देऊन टाकू. दार उघडलं, तर मीनल कोचावर बसून आईंशी गप्पा मारत होती. विरजण न्यायला आली होती. समोर नाना.

"नाना, तुमचा फोटो काय झकास आलाय हो!" मीनल म्हणाली.

प्रबोध चप्पल काढता काढता थिजला.

नाना खुलले. "तुम्ही बघितलंत? मला अजून कुणी दाखवलं नाही. पाकीट कसं आहे?"

"पाकीट?" मीनल हसली. "पाकीट कसलं नाना, बाटली!"

 मीनलनं सरोजिनीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग प्रबोधच्या, मग विरजणाची वाटी उचलून ती इतक्या चटकन गेली की ताक झालं असावं.

"कसली बाटली?" नानांनी विचारलं.

वर्गात चोरी पकडली गेल्यावर मुलगा उठतो तसा प्रबोध कोठीकडं गेला आणि बाटली आणून टेबलावर ठेवली. आई पुढं झाल्या, त्यांनी बूच काढून वास घेतला आणि तोंडाला पदर लावला. "अगं बाई! ही बिस्किटं नव्हेत."

 नानांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी चष्मा पुसला, बाटली जवळ ओढली आणि लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं, उत्तरपत्रिका वाचावी तसं. आपल्याच फोटोपाशी ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "हे कुणी तपासलं?"

"मी," प्रबोध म्हणाला.

"खरं काय आहे यात?"

"मिलिलिटर आणि टक्का, नाना. बाकी..." आणि त्यानं सगळं सांगितलं.

"अभय माझा मुलगा आहे," नाना सावकाश म्हणाले. "तो गाढव आहे हे मला त्याच्या चौथीपासून ठाऊक आहे. पण जावई डोळ्यांत तेल घालून वाचणारा मिळाला, असं मी गावभर सांगत होतो, प्रबोधराव."

 प्रबोध खाली बसला. नोकरी वाचली होती, पास वाचला होता, पण सासऱ्यांच्या तालुक्यातली अब्रू गेली होती, आणि तिचं नूतनीकरण कुठं होतं हे त्याला माहीत नव्हतं.

"फोन लाव," नाना सरोजिनीला म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येईल असा."

अभयनं 'हॅलो'च्या जागी "नाना" म्हटलं, यावरूनच मीनलची बातमी तिथं आधी पोचली होती हे कळलं. सगळे फोनभोवती जमले. जाईसुद्धा कानातले हेडफोन काढून दारात आली.

"दारू काढतोस?"

"व्हय."

"मी काय जन्मभर करत आलो ते तुला माहीत आहे?"

"व्हय नाना." अभयचा आवाज अगदी लहान झाला होता. "द्राक्षात सगळं गेलं. पुन्हा तुमच्यापुढं हात हलवत यायची लाज वाटली. आई बिस्किटं म्हणाली, तुम्ही खूश झालात. कितीतरी वर्षांनी झालात. मग तोंडच उघडलं नाही."

 आईंनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दारू काढतोस ते वाईटच," नाना अखेर म्हणाले. "पण खोटं लिहून विकतोस ते त्याहून वाईट. अमेरिकेचं नाव काढ. चार वर्षं काढ. मी तिसऱ्या पिढीचा कोण तो... ते काढ. आजोबा तुझे कीर्तन करायचे."

"काढतो. आणि तुमचा फोटो पहिल्यांदा काढतो, नाना."

"फोटो राहू दे."

 आई म्हणाल्या, "अहो!"

"राहू दे म्हणतो ना. मी समोरून बघत असलो की खोटं लिहायला त्याचा हात थरथरेल. शाळेतही तेवढाच उपयोग व्हायचा माझा." आणि बाटली उचलून, स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ती मोरीत ओतली. वास दोन दिवस गेला नाही.

माल परत गेला. नाना-आई रविवारी गेले. पावसाळा संपता संपता अभयकडून नवं लेबल आलं. तपासायला नव्हे, नुसतं बघायला. 'तासगावची मक्याची व्हिस्की. मका साठ टक्के, बाकी तांदळाची कणी. सागवानी पिंपात आठ महिने. रंगासाठी काकवी.' फेट्यातल्या नानांखाली 'निवृत्त मुख्याध्यापक' एवढंच. आणि सगळ्यात तळाशी, नानांनी स्वतः घातलेली ओळ: 'न प्यालात तर अधिक चांगले.' प्रबोधनं सवयीनं लाल पेन उघडलं, तीनदा वाचलं आणि टोपण लावून ठेवलं. दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतं.

माल सांगलीच्या बाजूलाच विकायला काढला होता. महिन्याभरानं नानांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता, इतका हादरलेला.

"प्रबोधराव, अनर्थ झाला. माल संपला."

"संपला?"

"सगळा. लोक बाटली घेतात, ती ओळ मोठ्यानं वाचतात, माझ्या फोटोला नमस्कार करतात आणि पितात! कोल्हापूरहून मागणी आली आहे. अभय पेढे घेऊन आला होता, मी घेतले नाहीत. तुमचा हात या कामात बसलेला आहे. ती ओळ जरा कडक करून द्या."

पुन्हा कुणाचं काही तपासणार नाही, असं प्रबोधनं मिसेस तान यांना लिहून दिलं होतं. पण हे तपासणं नव्हतं, आणि सासऱ्यांनी विश्वासानं सांगितलेलं पहिलंच काम होतं. रात्रभर विचार करून त्यानं लिहून पाठवलं: 'बाटली खाली ठेवा आणि सरळ घरी जा.'

पुढच्या खेपेच्या बाटल्यांवर ओळ छापली. पुढच्या महिन्यात अभयला पिंपांसाठी सागवान कमी पडलं.